जात्यावरचा भाऊ आणि दप्तरातली बहीण

इंदापूर तालुक्याचे नाव हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासात एका विशेष कारणाने नोंदले गेले आहे. रॉबर्ट कीथ प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याने रिकार्डोच्या खंडसिद्धांताचा आधार घेऊन दख्खनची पहिली शास्त्रोक्त धारा ठरवली. ती रयतेला झेपेना, जमिनी ओसाड पडू लागल्या. तेव्हा १८३५ साली गोल्डस्मिड आणि त्याच्या पाठोपाठ विंगेट यांना याच तालुक्यात नवी मोजणी करण्यासाठी धाडण्यात आले. १८३६ पासून येथे जी तीस वर्षांची धाराबंदी लागू झाली, तीच पुढे मुंबई इलाख्याच्या रयतवारीचा नमुना ठरली. म्हणजे भीमेच्या काठच्या पळसदेवपासून लोणी देवकर, इंदापूरपर्यंतच्या या कोरडवाहू पट्ट्यातील प्रत्येक शेताला नंबर मिळाला, हद्दीला दगड मिळाले, प्रतीप्रमाणे आणेवारी मिळाली आणि प्रत्येक नंबरासमोर सरकारला सारा देणाऱ्या एका माणसाचे नाव लागले. हे सारे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते. खुरपणी कोणी केली, काढणी कोणी केली, खळ्यावरचे धान्य पाखडून कणगीत कोणी भरले, याचा रकाना मात्र या मोजणीत नव्हता. निव्वळ उत्पन्न काढताना घरच्या बायकांच्या श्रमाला कोणता भाव लावायचा, हा प्रश्न रिकार्डोला पडलेला नव्हता, मग तो प्रिंगलला किंवा विंगेटला कोठून पडणार?

स्त्रियांचा इतिहास आपल्याकडे लिहिला गेला आहे. नाही असे नाही. सावित्रीबाई फुले, पंडिता रमाबाई, ताराबाई शिंदे, महिला परिषदा, सत्याग्रहातील तुकड्या, महागाईविरुद्धचे लाटणे मोर्चे यांची कथा चळवळीतील वाचकांना परिचित आहे. पण या कथेचाही एक भाग किती योगायोगाने हाती लागला आहे, हे विसरता कामा नये. ताराबाईंचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली छापून प्रसिद्ध झाले आणि नंतर नव्वदांहून अधिक वर्षे जवळजवळ विस्मृतीत पडून राहिले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले तेव्हा पुष्कळांनी ते पहिल्यांदाच वाचले. छापील पुस्तकाची ही गत, तर जिने कधी पाटी धरली नाही, जिचे नाव सातबाऱ्यावर नाही, सोसायटीच्या सभासद यादीत नाही, कारखान्याच्या भागधारकांत नाही, तिचा इतिहास शोधायचा कोठे?

तो आडबाजूच्या कोपऱ्यांत शोधावा लागतो. असे दोन कोपरे येथे विचारार्थ घ्यायचे आहेत. एक घराच्या ओसरीवरचा, जात्याचा. दुसरा तालुक्याच्या ठिकाणचा, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातला. पहिल्याकडे आजवर लोकसाहित्याचे अभ्यासक गेले, दुसऱ्याकडे वकील आणि दलाल. दोन्ही ठिकाणची सामग्री शेजारी ठेवून वाचण्याचे काम फारसे कोणी केलेले दिसत नाही, आणि समाजवादी कार्यकर्त्याला त्याची गरज सर्वांत अधिक आहे.

जात्यावरच्या ओव्यांचे मोल समाजवाद्यांना सांगण्याची आवश्यकता नसावी. साने गुरुजींनी खेड्यापाड्यांतून ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले. कमलाबाई देशपांडे यांनी स्त्रीगीतांवरील आपल्या ग्रंथाला ‘अपौरुषेय वाङ्मय’ असे नाव देऊन वेदप्रामाण्यवाद्यांना एक नाजूक चिमटा काढला. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे खंडामागून खंड काढले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी मुळशीच्या डोंगरातील गरीब बायकांच्या संघटनेच्या कामातून सुरुवात केली आणि सहकाऱ्यांच्या साहाय्याने हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या लिहून घेतल्या. त्यांतील कित्येक ध्वनिमुद्रितही झाल्या. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने हा संग्रह क्रमाने प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. जगात एका भाषेतील कष्टकरी बायकांच्या स्वतःच्या शब्दांचा एवढा मोठा साठा क्वचितच असेल.

यांपैकी कोणताही संग्रह उघडला तरी एक गोष्ट नजरेत भरते. नवऱ्यावर ओव्या आहेत, सासूवर आहेत, लेकावर तर पुष्कळच आहेत; पण भाऊ जितक्या थाटाने, जितक्या पुनरुक्तीने येतो, तितके क्वचितच दुसरे कोणी येते. तो मुराळी होऊन येतो, गाडीबैल जुंपून येतो, चोळी घेतो, बाजारात बहिणीच्या लेकराला उचलतो, वाटेवरून जाताना नुसता दिसला तरी बाईला दिवस सार्थकी लागल्यासारखे वाटते. भावजयीच्या कपाळावर आठी पडते तीही ओवीत येते, आणि भावाने ती पाहून न पाहिल्यासारखे केले तर त्याचेही दुःख येते. संग्राहकांनी या ओव्यांना बहुधा ‘बंधुप्रेम’ अशा शीर्षकाखाली लावून टाकले आहे. शीर्षक खोटे नाही. पण ते अर्धे आहे.

आता दुसरा कोपरा. बाप वारला की तेराव्यानंतर तलाठ्याकडे वारसाची वर्दी जाते. वारस नोंदवहीत मुलांची नावे लागतात, विधवेचे लागते, मुलींची लागतात किंवा ‘लावायची राहतात’. मुलींची नावे लागली की काही दिवसांनी एक छोटासा समारंभ होतो. बहिणी सासरहून येतात, एकत्र जेवण होते, भाऊ साड्या घेतो, आणि सर्वजण जीप करून तालुक्याला जातात. तेथे एक कागद तयार असतो. आम्ही बहिणी सुस्थितीत आहोत, आमची लग्ने वडिलांनी योग्य खर्च करून लावून दिली, आमच्या मनात भावाविषयी प्रेम आहे, सबब अमुक गटातील आमचा अविभक्त हिस्सा आम्ही कोणताही मोबदला न घेता स्वखुशीने व राजीखुशीने भावाच्या हक्कात सोडत आहोत, अशा आशयाचा तो मजकूर असतो. याला हक्कसोडपत्र म्हणतात. खरेदीखताच्या मानाने यावरचा मुद्रांक नाममात्र असतो. बहिणींचे अंगठे उमटतात, छायाचित्रे निघतात, फेरफार होतो, आणि जी नावे सातबाऱ्यावर काही आठवडे किंवा काही महिने होती ती कंस पडून निघून जातात.

दप्तरात गावच्या मुलीचे नाव येते ते असे, जाण्यासाठी. पूर्वीच्या उताऱ्यांवरही बाईचे नाव अगदीच नव्हते असे नाही. पण तेथे ते एका विशिष्ट संक्षेपापुढे येई: ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आई अमुक. पोरगा सज्ञान होईपर्यंतच ती दप्तरात नांदे. पुरुषाच्या नावामागे मात्र ‘ए. कु. मॅ.’, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. एकीकडे पालन, दुसरीकडे मॅनेजरी. तलाठ्याच्या या दोन आद्याक्षरी संक्षेपांत कुटुंबसंस्थेवरचा एक छोटा प्रबंध सामावलेला आहे.

ओवी आणि हक्कसोडपत्र शेजारी ठेवले की दोन्ही नव्याने वाचता येतात. भावाचे एवढे गुणगान बाई का करते? कारण सासरी तिचे पाय जमिनीवर टेकलेले नसतात. नवऱ्याने टाकले, नवरा मेला, मूल झाले नाही, दुसरी केली, दारू पिऊन मारले, तर जाण्याजोगे एकच दार तिला ठाऊक असते. आईबाप आहेत तोवर ते दार त्यांचे. ते गेले की दार भावाचे. बाळंतपण, दुखणे, लेकीच्या लग्नातले मामाचे मानपान, सासरच्यांशी भांडण निघाले तर चार माणसे घेऊन येणारा कोणी, हे सगळे त्या एका नात्यावर अवलंबून. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर भाऊ हा तिचा विमा आहे, आणि हक्कसोडपत्र हा त्या विम्याचा एकरकमी हप्ता आहे. कोरडवाहू दीड एकरातला दूरच्या गावचा हिस्सा कसता येत नाही, खंडाने दिला तर खंड भावाकडूनच वसूल करावा लागणार, आणि तो मागितल्या दिवसापासून माहेर तुटणार. हा हिशेब निरक्षर बाईला नीट कळतो. तेव्हा तिने हक्क सोडला तो अडाणीपणाने सोडला, असे शहरातून आलेल्या वक्त्याने सभेत सांगावे हे काही बरे नव्हे. तिच्यापुढे जे दोन पर्याय होते त्यांतला कमी तोट्याचा तिने घेतला.

पण मग प्रेमाचे काय? ओवी हा केवळ व्यवहाराचा लेख आहे काय? येथे एक अडचण आहे आणि ती झटकून टाकता येणार नाही. ज्यांच्या घरी वीतभर जमीन नव्हती, सोडायला हक्कच नव्हता, त्या भूमिहीन बायकांच्या ओव्यांतही भाऊ तसाच येतो. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातून राईरकर-पॉइतवाँ यांच्या संग्रहात ज्या ओव्या आल्या, त्यांत दलित बायकांनी बुद्ध आणि बाबासाहेब यांना जात्याशी बोलावून बसवले, त्यांच्याशी घरचे नाते जोडले. यावरून एवढे दिसते की आधाराची ती जागा बाईच्या मनात जमिनीच्या आधीची आहे. जमीन असलेल्या घरांनी त्या जागेची किंमत वसूल केली, इतकेच. प्रेम खरे होते म्हणूनच त्याची वसुली इतकी सुलभ झाली. ज्या कागदावर ‘प्रेमापोटी’ हा शब्द लिहावा लागतो तो कागद प्रेमाचा नसतो, हे मात्र कोणत्याही कारकुनाला माहीत असते.

तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी करीत इंदापूरला येते. पंढरीला माहेर म्हणण्याची रीत वारकरी बायकांत जुनी आहे. या माहेरात हिस्सा मागावा लागत नाही आणि सोडावाही लागत नाही; हे एक कारण त्या उपमेच्या टिकाऊपणामागे असेल काय, याचा विचार भक्तिसंप्रदायाच्या अभ्यासकांनी जरूर करावा.

या भागात प्रश्न आज अधिक तीव्र का झाला आहे, ते जमिनीच्या इतिहासातून उघड होते. विंगेटच्या काळी इंदापूरची जमीन म्हणजे सारा भरण्याची जबाबदारी. ती अंगावर घ्यायला माणूस मिळत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात नीरा डावा कालवा आला आणि बारामती-इंदापूरच्या एका पट्ट्याला पाणी मिळाले. पुढे ऊस आला, कारखाने आले. भीमेवरचे उजनी धरण १९८० च्या सुमारास पुरे झाले. त्याच्या फुगवट्याखाली गावे गेली, पळसदेवचे पुरातन देऊळ पाण्यात गेले; पाणी फार खाली उतरले की ते आजही वर येते आणि लोक पाहायला जमतात. गेलेल्या जमिनीची भरपाई ज्याचे नाव खात्यावर त्याला मिळते हा संपादनाचा साधा नियम आहे. पण जी बाई त्या बुडालेल्या गावात जन्मली होती तिचे माहेरच पाण्याखाली गेले, त्याचा मोबदला कोणत्याही निवाड्यात बसत नव्हता. नंतर पुणे-सोलापूर रस्ता रुंद झाला, लोणी देवकरच्या माळावर औद्योगिक वसाहत आली. ज्या माळावर पूर्वी मेंढरे चरत, त्याचा भाव एकरात न बोलता गुंठ्यात बोलू लागले.

जमीन पैशात बदलू लागली की बहिणीच्या सहीला किंमत येते. संपादनाची नोटीस खात्यावरच्या सर्वांना निघते. खरेदीदाराचा वकील वारसांची साखळी तपासतो. बँक मागचे फेरफार मागते. तेव्हा वीस वर्षांपूर्वी ‘लावायचे राहिलेले’ बहिणीचे नाव एकाएकी सर्वांना आठवते, आणि तिच्या दारी वीस वर्षांत न गेलेली गाडी जाते. काही ठिकाणी भाऊ न्यायाने वागतात, हिस्सा देतात. त्यांचा उल्लेख केला पाहिजे. पुष्कळ ठिकाणी तोळाभर सोने आणि एक साडी यांवर काम भागते. आणि जी बाई ‘सही करत नाही’ म्हणते, तिच्याविषयी गावच्या पारावर जे बोलले जाते ते येथे छापण्याजोगे नाही. हिस्सा मागणाऱ्या भावाला हिस्सेदार म्हणतात; हिस्सा मागणाऱ्या बहिणीला लोभी.

कायद्याचा प्रवास वाचकांना ढोबळमानाने ठाऊक आहे. हिंदू कोड बिल रखडले म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९५१ च्या सप्टेंबरात मंत्रिपद सोडले. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला बापाच्या वाट्यातला वाटा दिला, पण वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला नाही. तो महाराष्ट्राने १९९४ साली दिला, परंतु त्या वर्षाच्या २२ जूनपूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद गेला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात हा हक्क जन्माने मिळतो, ९ सप्टेंबर २००५ रोजी बाप हयात असलाच पाहिजे असे नाही, हे निःसंदिग्धपणे सांगितले. पन्नास-साठ वर्षांची ही वाटचाल परिवर्तनवादी चळवळीच्या अभिमानाची आहे. पण तिची दुसरी बाजू अशी की ज्या मुलीला हक्कच नव्हता तिच्याकडून तो सोडवून घेण्याचीही गरज नव्हती. हक्क जसजसा पक्का झाला तसतशी हक्कसोडपत्राची निकड वाढली. म्हणजे निबंधकाच्या कार्यालयातील हे कागद कायद्याच्या यशाचा पुरावा आहेत आणि त्याच कायद्याच्या पराभवाचाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहिवाटदार खातेदारांपैकी स्त्रिया होत्या सुमारे चौदा टक्के, आणि त्यांच्याकडे क्षेत्र बारा टक्क्यांहून कमी. यांतही विधवा किती आणि मुली म्हणून वारसा मिळालेल्या किती, हे त्या आकड्यांतून कळत नाही.

याला दिली जाणारी उत्तरे जुनीच आहेत. लग्नात हुंडा दिला, तोच तिचा वाटा, असे सांगतात. पण हुंडा गेला सासऱ्याच्या हाती. त्याला दरसाल पीक येत नाही, त्यावर सोसायटीचे कर्ज मिळत नाही, त्याच्या जोरावर कारखान्याचे सभासदत्व मिळत नाही, आणि कायद्याने तो गुन्हा आहे. बापाने गुन्हा केला हे मुलीचा हक्क नाकारण्याचे कारण कसे होते? दुसरे म्हणतात, जमिनीचे तुकडे पडतील. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. त्यानंतर चार भावांत आठ एकरांचे चार तुकडे झाले, त्या भावांच्या मुलांत पुन्हा झाले. धाकट्या भावाने थोरल्यासाठी हक्क सोडावा असा आग्रह त्या वेळी कोणी धरल्याचे ऐकिवात नाही. तुकड्याची भीती बहीण दारात आल्यावरच वाटते.

शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवड अधिवेशनात बायकांचा प्रश्न शेतीच्या मध्यभागी आणून ठेवला आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’च्या कार्यक्रमात नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करावी असे आवाहन केले; अनेक गावांतून तसे झालेही. शरद जोशींच्या अर्थकारणाशी समाजवाद्यांचे मतभेद जगजाहीर आहेत, तरी या कार्यक्रमाचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मात्र तेथेही जमीन मिळाली ती पत्नीला, बहिणीला नव्हे. नवऱ्याने बायकोच्या नावे जमीन केली तरी ती त्याच घरात राहते. बहिणीला दिली तर ती घराबाहेर जाते. पुरुषी औदार्याची सीमा नेमकी या बांधावर आहे, आणि डावे असोत की उजवे, आजवर फार थोड्यांनी तो बांध ओलांडला आहे.

२०२५ साली राज्य सरकारने ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम काढली. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे हे काम योग्यच आहे, अनेक वर्षे रखडलेले होते. पण अशी नोंद एकदा झाली की पाठोपाठ हक्कसोडपत्रे येणार हे सांगायला ज्योतिषी नको. सरकारला खरोखर काही करायचे असेल तर या भागाच्याच इतिहासात त्याला एक दाखला मिळेल. १२ मे १८७५ रोजी आज बारामती तालुक्यात असलेल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली आणि कर्जरोखे जाळले. १८६७ साली इंदापुरात वाढवलेली धारा, उतरलेले भाव आणि न वाचता अंगठा दिलेली खते यांचा तो स्फोट होता. त्यावर चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी कायदा आला. अडाणी शेतकऱ्याचा करार ग्रामनिबंधकासमोर लिहिला गेला पाहिजे, त्याला समजावून दिला पाहिजे, आणि न्यायाधीशाने रोख्यावरच्या आकड्यापाशी न थांबता त्यामागचा सगळा व्यवहार उकलून पाहावा, अशी तरतूद त्यात होती. स्वखुशीने आणि राजीखुशीने या शब्दांवर विश्वास ठेवू नये, एवढे शहाणपण परकीय सरकारला सुचले होते.

तेच शहाणपण आज बहिणीच्या बाबतीत का नको? बापाच्या मृत्यूनंतर निदान एक वर्ष हक्कसोडपत्र नोंदवलेच जाऊ नये. सोडलेल्या हिश्शाचे सरकारी मूल्यांकन कागदावर अक्षरी लिहावे, म्हणजे साडीच्या बदल्यात किती लाख गेले ते तिला आणि तिच्या मुलांना कळेल. निबंधकाने तिला भावाच्या गैरहजेरीत विचारावे. यांतली कोणतीही गोष्ट क्रांतिकारक नाही. सावकाराच्या बाबतीत जे संरक्षण आपण न्याय्य मानले ते रक्ताच्या सावकाराच्या बाबतीत मागणे एवढेच. अर्थात नियमाने विम्याचा प्रश्न सुटत नाही. भावाचे दार बंद झाले तर दुसरे कोणते दार उघडे आहे, याचे उत्तर तालुक्याच्या पातळीवर असल्याशिवाय कोणतीही बाई केवळ आपल्या भाषणाने हिस्सा मागायला उठणार नाही, आणि तिने का उठावे? टाकलेल्या बाईला चार दिवस राहायला जागा, पोलीस ठाण्यात तिच्याबरोबर जाणारी दोन माणसे, रोजगार हमीच्या हजेरीपटावर तिचे स्वतःचे नाव आणि मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यावर. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती, त्यांत खडी फोडणाऱ्या बायका मोठ्या संख्येने होत्या. त्या हजेरीपटांवर खेड्यातल्या बाईचे नाव कुणाची मुलगी वा कुणाची विधवा म्हणून नव्हे, तर मजूर म्हणून आले. तो कागदही या इतिहासाचाच एक कोपरा आहे, आणि तिन्ही कागदांत तोच एक असा की ज्यावर तिचा अंगठा काही मिळवण्यासाठी उमटला.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी या बाबतीत दोन कामे हाती घ्यावीत. पहिले अवघड आहे. प्रत्येकाने आपल्या घरचा फेरफार आधी काढून पाहावा. वडिलांच्या पश्चात बहिणींची नावे लागली की नाही, लागली असतील तर कोणत्या तारखेला गेली, आणि त्या दिवशी घरात काय काय झाले होते. स्त्रीमुक्तीचा ठराव मांडणाऱ्या किती जणांच्या सातबाऱ्यावर बहिणीचे नाव शाबूत आहे, याची मोजणी शाखेच्या बैठकीत झाली तर ती बैठक बरीच लांबेल.

दुसरे काम वेळेशी स्पर्धा करणारे आहे. पिठाच्या गिरण्या गावोगाव आल्या, जाती अंगणात पालथी पडली. तरुणपणी रोज पहाटे दळलेल्या बायका आज सत्तरीच्या, ऐंशीच्या घरात आहेत. लोणी देवकर, पळसदेव, निमगाव केतकी, सुपे, कुठल्याही गावात अशा दहा-वीस आजी सापडतील. त्यांच्याजवळ बसावे, ओव्या म्हणू द्याव्यात, आता प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे साधन आहेच. पण केवळ ओवी उतरवून घेऊन उठू नये. माहेर कोणते, भाऊ किती, माहेरची जमीन किती आणि कोणत्या कालव्याखाली, वडील केव्हा वारले, तालुक्याला कधी नेले होते का, तेथे कशावर अंगठा घेतला ते कोणी वाचून दाखवले होते का, भाऊबीजेला शेवटचे बोलावणे कधी आले, हेही विचारावे. नाव छापू नये. गाव, जात, वय आणि एकरांचा आकडा तेवढा लिहावा. काही जणी उत्तर देणार नाहीत, भावाविरुद्ध बोलणे त्यांच्या जिवावर येईल. अशा वेळी पुन्हा विचारू नये. त्या भावावरची ओवी म्हणतील, ती त्या पानावर तशीच लिहून ठेवावी आणि शेजारी गट नंबर लिहावा.